पाकिटातला गाऊन

वहीएवढ्या कागदी पाकिटात पायघोळ गाऊन मावतो, यावर सहज कुणाचा विश्वास बसणार नाही. पण युरोप-अमेरिकेत गेली दीडशेहून अधिक वर्षं पोशाख असे पाकिटातून विकले जात आहेत. पाकिटावर चित्र असतं. संध्याकाळच्या मेजवानीला निघालेली बाई, उघडे खांदे, कमरेशी चपखल बसलेलं कापड आणि तिथून थेट जमिनीपर्यंत घेर. आत मात्र कापडाचा एक धागाही नसतो. असतात त्या पातळ, चुरचुरणाऱ्या टिश्यू कागदाच्या घड्या आणि सूचनांचा एक कागद. घडी उलगडायला घ्या, ती उलगडतच जाते. टेबल पुरत नाही, मग सतरंजी गुंडाळून फरशीवर पसरावी लागते.

आणि त्या कागदावर काय काय! लांबलचक वळणं, दोन्ही टोकांना बाण असलेल्या सरळ रेषा, काळे त्रिकोण, ठिपके, एकीत एक शिरलेल्या पाच-सहा मापांच्या रेषा. ज्यानं हे आखलं त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तुमची उंची, तुमचा जरासा उतरता उजवा खांदा, तुमचं पोट, यातलं काही म्हणजे काही त्याला ठाऊक नाही. तरीही त्या रेषांवरून कापड कापलं, खुणेला खूण जुळवून शिवलं, की कपड्याचा खांदा तुमच्या खांद्यावर येऊन बसतो. हे जमतं कसं?

आपल्याकडच्या शिवणक्लासात वाढलेल्यांना हा प्रश्न जास्तच पडायला हवा, कारण आपली रीत नेमकी उलटी. 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग'वर हात बसवलेल्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. आधी अंगाचं माप, मग छातीचा चौथा भाग, त्यात अमुक इंच मिळवा, तिथून मुंढ्याचा आकार द्या, अशी खाकी कागदावर पेपर कटिंग करायची. दर अंगाला नवी आखणी. माणूस समोर उभा असतो, काही चुकलंच तर शिंपी त्याला पुन्हा बोलावतो. पाकिटातल्या या कागदी नमुन्यांच्या, म्हणजे पॅटर्नच्या धंद्यात अंग समोर नाहीच. एकच आखणी लाखो अनोळखी बायकांच्या अंगाला लागू करायची, आणि तीही टपालानं पाठवून!

ही कल्पना धंद्याला लावली एका शिंप्यानं. एबेनेझर बटरिक हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावचा. गोष्ट सांगतात ती अशी : १८६३ साली त्याची बायको एलेन बाळासाठी चौकड्याच्या कापडाचं झबलं बेतत बसली होती. बाळाच्या मापाचा तयार नमुना हाताशी असता तर किती काम वाचलं असतं, असं ती म्हणाली. ऐकायला अगदी साधं वाक्य. पण त्या काळी कागदी नमुने मिळत ते एकाच मापाचे. न्यूयॉर्कमध्ये मादाम डेमोरेस्ट आपल्या मासिकातून नमुने देत, पण ते आपल्या अंगापुरते मोठे किंवा लहान करण्याचं काम घेणारीचं. काही मासिकांत तर तळहाताएवढी आकृती छापलेली असे. ती वाढवून अंगाएवढी करा, म्हणजे झालं! बटरिकनं हे वाढवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. एकच कपडा, पण तो चढत्या मापांत आखून विकायचा.

वाढवणं म्हणजे नुसता गुणाकार नव्हे, बरं का. छाती दोन इंचांनी वाढली म्हणून मान दोन इंचांनी वाढत नाही, आणि खांदा तर जेमतेम सरकतो. तेव्हा आकृतीची प्रत्येक कड आपापल्या वेगळ्या प्रमाणात हलवायची, आणि तरीही प्रत्येक मापात दर शिवण तिच्या जोडीदार शिवणीशी जुळलीच पाहिजे. आजच्या अमेरिकी पॅटर्नवर नजर टाका. १० पासून १२ नंबरला जाताना छाती दीड इंचानं वाढते आणि १२ वरून १४ ला जाताना दोन इंचांनी. म्हणजे पायऱ्याही सारख्या उंचीच्या नाहीत.

सुरुवातीचे नमुने जाड कागदाचे होते. त्यांची घडी होईना, टपाल परवडेना. मग आला टिश्यू कागद, आणि धंदा न्यूयॉर्कवरून थेट लंडन-पॅरिसला पोचला. आता गंमत ऐका. या जुन्या टिश्यूवर काहीही छापलेलं नसे. कोरा कागद, त्याला पाडलेली भोकं आणि कडेला मारलेल्या खाचा. कुठलं भोक म्हणजे टक्स, कुठलं म्हणजे कापडाचा उभा धागा, हे भोकांच्या आकारावरून आणि मांडणीवरून ओळखायचं. सूचना म्हणजे पाकिटावरच्या चार ओळी. तेवढ्यावर कुठल्याशा आडगावात बसून बायका त्या काळचे सतरा तुकड्यांचे घट्ट झगे शिवत! रेषा छापलेले पॅटर्न आणि पायरी-पायरीनं आकृत्या देणारा सूचनांचा कागद, हे दोन्ही लाड पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सुरू झाले. जाता जाता सांगायचं तर बटरिकचे पॅटर्न खपवण्यासाठी निघालेल्या 'डेलिनिएटर' या मासिकाचा संपादक १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं थिओडोर ड्रायझर होता. 'सिस्टर कॅरी' लिहिणारा तोच तो.

१९४९ मध्ये फॅशन मासिकवाल्या 'व्होग'नं कडी केली. बालमँ, स्किआपारेल्ली असल्या पॅरिसच्या बड्या घरांचे पोशाख त्यांनी पॅटर्नच्या रूपात बाजारात आणले. सोबत गळ्याला आतून शिवायला एक विणलेलं लेबलही असे. ज्या दुकानाचं दार उघडायची छाती झाली नसती, तिथला गाऊन जेवणाच्या टेबलावर कापायचा!

आता मूळ अडचण पाहू, कारण खरी जादू तिथं आहे.

घरात नारळ असेल तर त्यावर वर्तमानपत्राचा कागद चढवून बघा. अट एकच, सुरकुती पडता कामा नये. जमणार नाही. कागद कितीही पातळ घ्या, हात कितीही सराईत असो. १८२७ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितीनं या खटपटीचा कायमचा निकाल लावला. सपाट पृष्ठ ताणल्याशिवाय, फाडल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय गोलाईवर बसत नाही, हे त्याच्या एका प्रमेयातून निघतं. स्वतः गाऊसनं त्याला 'असामान्य प्रमेय' म्हटलं. जगाचा एकही सपाट नकाशा पुरता खरा का नसतो, त्याचं कारणही हेच.

आणि माणसाचं अंग म्हणजे काय एक नारळ आहे? छातीशी ते सगळ्या दिशांनी बाहेर येतं. कमरेशी आडव्या दिशेनं बाहेर वळतं, पण उभ्या दिशेनं आत जातं. नितंबांवर पुन्हा बाहेर. साडीनं या भानगडीत पडायचंच नाकारलं. जास्तीचं कापड निऱ्यांत घातलं, उरलेलं खांद्यावरून सोडलं, मोकळी झाली. पोलक्याला मात्र ते टाळता येत नाही, आणि चपखल गाऊनला तर नाहीच नाही.

मग करायचं काय? कागदाची एक गोल चकती घ्या. कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या आणि चिरेची एक बाजू दुसरीवर थोडी चढवा. सपाट चकतीचा भेळवाल्याचा कोन झाला! कापडात आपण घेतो तो टक्स म्हणजे हाच उद्योग. पाचरीएवढं कापड दुमडून आत दडवायचं, की उरलेलं कापड त्या पाचरीच्या टोकाशी उठून उभं राहतं. फक्त कोनाला टोक असतं आणि अंगाला नसतं, म्हणून टक्स छातीच्या उंच बिंदूपर्यंत नेत नाहीत. इंचभर अलीकडे थांबवतात, आणि शेवटचे चार-पाच टाके कापडाच्या अगदी काठावरून घसरत नेतात. पाचरीचं टोक बोथट राहिलं की तिथं फुगा येतो, आणि हा फुगा कुठलीही इस्त्री बसवू शकत नाही.

याहून अचंब्याची गोष्ट पुढे आहे. हा टक्स कुठूनही घेता येतो. खांद्यातून, बगलेखालून, मुंढ्यातून, कमरेतून, गळ्यातूनसुद्धा. टोक छातीच्या बिंदूकडे असलं आणि पाचरीचा कोन तोच राहिला, की अंगावरचा उठाव तोच. कागदावर त्या बिंदूला टाचणी टोचायची, नव्या जागी चीर द्यायची आणि कागद टाचणीभोवती फिरवायचा. जुना टक्स मिटतो, नवा उघडतो. शंभर तऱ्हेच्या चोळ्या आणि गाऊन दिसतात ना, त्यातले कितीतरी म्हणजे एकच पाचर वेगवेगळ्या दिशांना फिरवण्याचा खेळ आहे. आणि खांद्यातला टक्स आणि कमरेतला टक्स बिंदूपाशी एकमेकांना जोडून तिथून कापडाचे सरळ दोन तुकडेच केले तर? तो झाला प्रिन्सेस कट. आपल्या चार टक्सच्या पोलक्याचं, कटोरीचं आणि पॅरिसच्या गाऊनचं गणित एकच.

प्रिन्सेस कटची शिवण हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. मधल्या तुकड्याची कड आणि बगलेकडच्या तुकड्याची कड शेजारी ठेवा. एक बाहेर फुगलेली, दुसरी जवळपास सरळ, कुठं कुठं आत वळलेली. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून टाचण्या लावायला गेलात की एकीचं कापड दुसरीवर लाटेसारखं उसळतं. हे दोन तुकडे एकमेकांचे नाहीतच, कापताना काहीतरी हुकलंय, अशी खात्री पटते. आता टेप घ्या आणि कडा न मोजता कडेपासून दीड सेंटिमीटर आतली शिवणीची रेषा मोजा. दोन्ही बाजूंना लांबी एकच! (थोडीफार सूट मुद्दाम दिलेली असते, ती छातीच्या उंचवट्यावर जिरवायची.) फरक दिसतो तो मायेचा, म्हणजे शिवणरेषेच्या बाहेर राखलेल्या कापडाचा. फुगलेल्या तुकड्याची माया वळणाच्या बाहेर पडते म्हणून लांब होते, दुसऱ्याची आत पडते म्हणून आखडते. इलाजही सोपा. आखडलेल्या मायेला शिवणरेषेच्या धाग्यापर्यंत बारीक बारीक चिरा द्यायच्या. प्रत्येक चीर उघडते आणि मघाशी हट्टाला पेटलेली कड बिनतक्रार दुसरीवर झोपते. शिवून झाल्यावर भुसा भरलेल्या टणक गोल उशीवर ठेवून इस्त्री फिरवा. मघाचं सपाट कापड आता हातात घेतलं तरी सपाट होत नाही.

कागदाच्या कडेला छापलेले काळे त्रिकोण असतात ते याच वेळी कामाला येतात. पुढच्या बाजूला सहसा एक, मागच्या बाजूला दोन. बाहीवरही तसंच, म्हणजे डावी बाही उजव्या मुंढ्याला लागायची नाही. एकही शब्द न वापरता दिलेल्या या सूचना आहेत. कुठलीही भाषा बोलणारी बाई त्या वाचू शकते.

गाऊसच्या प्रमेयातून निसटायला कापडाकडे मात्र आणखी एक वाट आहे, आणि ती कागदाकडे नाही. खिशातला सुती रुमाल काढा. उभ्या धाग्याच्या दिशेनं ताणा, ढिम्म हलत नाही. आडव्या धाग्याच्या दिशेनं ताणा, फारसा फरक नाही. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका ताणा. झाला की नाही लांब? आणि मध्ये अरुंदही झाला. धागा एकही ताणला गेलेला नाही. उभ्या-आडव्या धाग्यांचे इवले चौरस होते, ते फक्त कलंडले. शिवणारे ज्याला उरेब म्हणतात ते हेच.

१८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या एका विज्ञानसभेत पाफनुती चेबिशेव हा रशियन गणिती उभा राहिला. अविभाज्य संख्या आणि संभाव्यता यांवर काम करणारा बडा माणूस. व्याख्यानाचा विषय होता : कपड्यांची कापणी! कापड म्हणजे न ताणल्या जाणाऱ्या धाग्यांची जाळी, आणि धाग्यांमधला कोन तेवढा बदलू शकतो, एवढं त्यानं गृहीत धरलं. मग गोळ्याला चपखल बसेल असं कापड कसं कापायचं, याचं गणित मांडलं. उत्तर आलं दोन तुकडे. नुसते दोन! असल्या जाळ्यांना गणितात आजही चेबिशेवचं नाव आहे.

चेबिशेवनं कागदावर दाखवलं ते पॅरिसमध्येच पन्नासेक वर्षांनी मादलेन व्हिओने या बाईनं अंगावर उतरवलं. १९२० आणि ३० च्या दशकांतले तिचे संध्याकाळचे गाऊन अख्खेच्या अख्खे उरेब कापलेले असत. जवळपास ८० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी बाहुलीवर ती आधी कापड लपेटून बघे आणि मग ते पुऱ्या मापात वाढवे. उरेब कापायला पन्हा मोठा लागतो, म्हणून मुद्दाम रुंद कापड विणून घेई. टक्स अगदी थोडे, आतून कसलाही आधार नाही, तरी कापड अंगावरून ओघळत जाई आणि बाई वळली की तिच्याबरोबर वळे. टक्सनं जे पाचर कापून साधायचं ते हिनं इवल्या चौरसांना कलू देऊन साधलं.

आता पॅटर्नवरचा तो दोन टोकांचा बाण बघा. तो कापडाच्या काठाला अगदी समांतर ठेवायचा असतो. बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचं अंतर टेपनं मोजतात, आणि पाव इंचाचाही फरक चालवून घेत नाहीत. कारण तुकडा तिरका ठेवला गेला तर कापडाचा स्वभावच बदलतो. मग गाऊनचा एक तुकडा सरळ लोंबतो, दुसरा पायाभोवती पिळतो. आणि ते कळतं सगळं शिवून झाल्यावर! माझ्या मते सगळ्या पॅटर्नवरची सगळ्यात महत्त्वाची रेषा ही आहे, आणि नवशिक्यांचं सगळ्यात कमी लक्ष जातं तेही हिच्याकडेच.

तर तुकडे ठेवायचे काठाला समांतर, आणि साटीन असेल तर सगळ्यांची डोकी एकाच दिशेला. साटीनमध्ये एक धागा चार किंवा जास्त धाग्यांवरून उडी मारून मग खाली जातो. त्या लांब उड्यांवरून प्रकाश घसरतो, ती साटीनची चमक. पण एकच तुकडा उलटा लावला तर तो प्रकाश वेगळा फेकतो, आणि दिव्याखाली गाऊनला भलत्याच रंगाचं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. म्हणून पाकिटामागे कापडाचा हिशेब दोन तऱ्हांनी देतात, दिशा पाळायची असेल तर इतकं आणि नसेल तर इतकं. कमीत कमी कापडात वेडेवाकडे तुकडे कसे मांडायचे, हा प्रश्न तर फारच जुना. हुआन दे आलसेगा या स्पॅनिश शिंप्यानं १५८० मध्ये माद्रिदला छापलेलं पुस्तक अशा मांडण्यांनी भरलेलं आहे, आणि पुस्तकाच्या नावातच त्यानं 'भूमिती' हा शब्द घातला. आज संगणक आहेत. तरी असे तुकडे बसवण्याची सगळ्यात काटकसरीची मांडणी हमखास आणि झटपट काढून देणारी रीत अजून गणिताला सापडलेली नाही.

इथवर सगळं पॅटर्नच्या बाजूनं झालं. आता ते अनोळखी अंग. पॅटर्नवाल्यांनी मनात धरलेली बाई आहे तरी कोण?

१९३९-४० मध्ये अमेरिकी सरकारच्या कृषी खात्यानं (हो, कृषी खात्यानं! गृहविज्ञान त्यांच्याकडे होतं) जवळजवळ १५,००० बायकांची अंगं मोजली. प्रत्येकीची ५९ मापं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९४१ मध्ये तो अहवाल छापला, कपडे आणि पॅटर्न बनवणाऱ्यांसाठी. इतक्या बायका मोजल्या खऱ्या, पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या. त्या अहवालाच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांच्या मापांचं सरकारी मानक निघालं. पुढे दुकानदारांच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाला लहान नंबर बसला की ते खूश होतं. मग नंबर तेच ठेवून कपडे सैल होत गेले. पॅटर्नवाल्यांनी ही खुशामत फारशी केली नाही. त्यांचा १४ नंबर म्हणजे छाती ३६, कंबर २८, नितंब ३८ इंच, आणि तो बऱ्याच वर्षांपासून तिथंच आहे. दुकानात ८ नंबर घालणारी बाई पाकिटावर १४ वाचून हादरते ती यामुळे. हादरायचं काही कारण नाही. नंबर शिवणीच्या आत कुणाला दिसत नाही.

आणखी एक मेख आहे. मोठ्या कंपन्यांचे नेहमीचे पॅटर्न छातीचा ठरावीक उठाव धरून आखलेले असतात. काखेखालून, छातीच्या वरून टेप फिरवून जे माप येतं आणि भर छातीवरून जे येतं, त्यांत साधारण दोन इंचांचा फरक. तुमच्यात तो चार इंचांचा असेल आणि तुम्ही भर छातीच्या मापावर पॅटर्न घेतलात, तर छाती बसते, पण खांदे आणि गळा उतरून पडतात. म्हणून पाकीट घ्यायचं वरच्या छातीच्या मापावर, आणि मग कागद चिरून, फाकवून छातीपुरती जागा वाढवायची. टक्स आपोआप मोठा होतो. बघा, पुन्हा तीच पाचर!

हे सगळं थेट महागड्या कापडावर कुणी करत नाही. आधी मांजरपाटाचा गाऊन. नुसती चोळीच, बाह्यांशिवाय, अस्तराशिवाय, मशीनचा टाका मोठा ठेवून शिवलेली, म्हणजे उसवायला सोपी. ती अंगावर चढवून आरशासमोर उभं राहायचं आणि सुरकुत्या वाचायच्या. हो, वाचायच्या. आडव्या ताणलेल्या रेषा म्हणजे तिथं कापड कमी आहे. आडवी घडी पडून बसली असेल तर उंचीला कापड जास्त आहे. तिरक्या रेषा ज्या उंचवट्याकडे बोट दाखवतात, तिथं जागा हवी आहे. खडूनं खुणा करा, टाचण्या लावा, काढा, उसवा आणि झालेला बदल पुन्हा कागदावर उतरवा. पॅटर्नवाल्यानं जे अंग कधी पाहिलं नव्हतं, त्याची ओळख कागदाला इथं होते.

उरतं ते सगळ्यात मोठं कोडं. खांद्यावर पट्टी नाही, बाही नाही, तर गाऊन खाली का पडत नाही? चार्ल्स साइम या अमेरिकी अभियंत्यानं १९५० च्या दशकात या प्रश्नावर चक्क एक निबंध लिहिला, 'बिनपट्ट्यांच्या गाऊनचं ताण-विश्लेषण'. पूल बांधताना मांडतात तशा आकृत्या, तशीच समीकरणं आणि चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य. १९६३ मध्ये विज्ञानातल्या विनोदांच्या एका संग्रहाला या निबंधाचंच नाव दिलं गेलं.

खरं उत्तर बाहेरून दिसतच नाही. असा गाऊन छातीवर तगलेला नसतो, तो कमरेवर उभा असतो. आत दुसरी चोळी असते, मजबूत सुती कापडाची. तिच्या शिवणींवर उभ्या पट्ट्या घातलेल्या असतात, लवचीक स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या. पूर्वी त्यासाठी देवमाशाच्या तोंडातल्या झालरी वापरत. आणि कमरेशी आतून एक न ताणणारी जाड फीत असते, तिला वेगळे हूक. गाऊनची चेन लावायच्या आधी ही फीत आवळून लावायची. गाऊनचा सगळा भार फितीवर येतो, फीत कमरेच्या खाचेत अडकते, खाली नितंब असल्यामुळे घसरू शकत नाही, आणि उभ्या पट्ट्या तिथून वरचं कापड तोलून धरतात. गोव्यात, वांद्र्याला, वसईत लग्नाचे पांढरे गाऊन शिवणाऱ्यांना हे आतलं बांधकाम सांगायला नको. नवरी दिवसभर नाचते आणि एकदाही गाऊन वर ओढत नाही, यात त्या फितीचा वाटा फार मोठा.

खालची दुमड सगळ्यात शेवटी. उरेब कापलेला घेर असेल तर गाऊन आधी निदान एक दिवस टांगून ठेवायचा. चौरस कलतात, कापड आपल्याच वजनानं खाली येतं, आणि सगळीकडे सारखं येत नाही. कापताना अचूक गोल असलेला घेर दुसऱ्या दिवशी दोन ठिकाणी लोंबलेला दिसतो. मग तो घालून, त्या दिवशी जे सँडल घालणार तेच पायात चढवून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी खाली बसून फुटपट्टीनं जमिनीपासून वर मोजत खुणा करायच्या. कमरेपासून खाली मोजून कधीच जमत नाही, कारण कंबर दोन्हीकडे सारख्या उंचीवर असलेली माणसं फार थोडी.

पाकीट आता टपालाचीही वाट बघायला लावत नाही. कितीतरी पॅटर्न संगणकावर उतरवून घेता येतात, ए-फोर कागदांवर छापून एकाला एक चिकटवायचे की झालं. मात्र पहिल्या पानावर एक चौकोन आणि त्याचं माप छापलेलं असतं. बाकीची पानं छापण्याआधी तो फुटपट्टीनं मोजा. प्रिंटरनं 'पानात बसवण्यासाठी' सगळं जरासं आक्रसून टाकलेलं असलं, तर तिथंच कळतं.

आणि शिवायला बसणारच असाल तर पहिला गाऊन साटीनचा नको. साटीनमधून टाचणी काढली तरी भोक राहतं, उसवलेली शिवण कायमची दिसते. मध्यम वजनाचं क्रेप घ्या, ते बऱ्याच चुका पोटात घालतं. टाचण्या लावायच्या त्या मायेतच लावा. मांजरपाटाचे पैसे वाचवू नका. आणि कापड पाकिटावर लिहिलंय त्याहून अर्धा मीटर जास्त घ्या. कमी पडलं म्हणून आठ दिवसांनी दुकानात गेलात, तर त्याच रंगाचं कापड मिळेलच असं नाही.